शस्त्रक्रियेनंतरची वर्गणी

हृदय प्रत्यारोपण म्हणजे निकामी झालेले हृदय काढून त्या जागी मेंदूमृत दात्याचे हृदय बसवणे, ही व्याख्या वैद्यकशास्त्राला पुरेशी असली, तरी ज्या घरावर हा प्रसंग ओढवतो त्या घराला ती पुरत नाही. कारण त्या घराला हृदयाच्या आधी पैसा शोधावा लागतो, आणि हृदय बसवून झाल्यावरही तो शोधणे सुटत नाही. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथे बहुसंख्य कुटुंबांचे वर्षाचे गणित कापूस, सोयाबीन, मोसंबी, ऊसतोडीची उचल किंवा पोलाद कारखान्यातील मजुरी यांवर उभे असते, तिथे वीस-पंचवीस लाखांचा खर्च एकट्या घराने पेलणे अशक्यच असते, म्हणून तो गावाकडे, नातलगांकडे, शासनाकडे आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरून अनोळखी लोकांकडे मागितला जातो. या मागण्याला आणि देण्याला आपल्या समाजात मोठी परंपरा आहे आणि तिच्यामुळे आजवर अनेक जीव वाचलेही आहेत. तरीही या निधिसंकलनाच्या मुळाशी एक चुकीची समजूत घर करून बसली आहे. प्रत्यारोपण हा एका दिवसाचा खर्च मानला जातो, म्हणून वर्गणीही एकदाच गोळा होते. वास्तवात प्रत्यारोपण हा आयुष्यभराचा खर्च असतो. ही समजूत बदलल्याशिवाय जमवलेला पैसा पुरा कामी येणार नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सर्वप्रथम, पैसा नेमका कशासाठी लागतो हे स्पष्ट असले पाहिजे, कारण ‘हृदय विकत घेण्यासाठी’ पैसे जमवले जात आहेत असा गैरसमज खेड्यापाड्यांतच नव्हे, तर शहरांतही आढळतो. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ या केंद्रीय कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आहे, आणि दात्याचे कुटुंब हृदय देताना एक रुपयाही घेत नाही. अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते. महाराष्ट्रात अशी केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे असून जालना जिल्हा संभाजीनगरच्या केंद्राशी जोडलेला आहे. प्रतीक्षायादीतील क्रम रक्तगट, रुग्णाच्या प्रकृतीची निकड आणि प्रतीक्षेचा काळ अशा निकषांवर ठरतो, पैशांवर ठरत नाही. खर्च होतो तो तपासण्यांवर, प्रतीक्षेच्या काळातील उपचारांवर, दात्याच्या गावाहून हृदय आणण्यावर, शस्त्रक्रियेवर, त्यानंतरच्या अतिदक्षता विभागातील दिवसांवर आणि पुढे कायम घ्याव्या लागणाऱ्या औषधांवर. म्हणजे समाजातील एक कुटुंब या व्यवहारातील सर्वांत अनमोल गोष्ट विनामूल्य देते, आणि उरलेल्या गोष्टींची किंमत दुसऱ्या कुटुंबाला झेपत नाही, म्हणून तो दानाचा क्षणही वाया जाण्याची भीती निर्माण होते.

या खर्चातील औषधांचे स्थान समजून घेण्यासाठी शस्त्रक्रियेच्या इतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरते. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले आणि तो रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. महापालिकेच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने केलेले ते धाडस होते, परंतु रुग्ण काही तासच जगू शकला. त्या काळातील बहुतेक प्रयत्नांना अल्प यश आले. शल्यचिकित्सकांचे कौशल्य उणे पडले म्हणून असे झाले नाही. शरीराची प्रतिकारशक्ती नव्या हृदयाला परके समजून त्यावर हल्ला करी आणि तो हल्ला थोपवण्याचे प्रभावी साधन हाती नव्हते. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध वापरात आले आणि चित्र पालटले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ऑगस्ट १९९४ मध्ये केलेले देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण या बदलानंतरचे आहे. थोडक्यात, प्रत्यारोपण शक्य झाले ते सुरीमुळे जितके, तितकेच गोळीमुळे. मात्र निधी जमवणाऱ्या समाजाच्या मनात अजूनही १९६८चेच चित्र आहे: शस्त्रक्रिया झाली, टाळ्या वाजल्या, रुग्ण घरी आला आणि प्रश्न मिटला.

प्रश्न कसा मिटत नाही, हे साध्या हिशेबाने दिसते. खासगी रुग्णालयात हृदय प्रत्यारोपणाचा खर्च साधारणतः वीस ते तीस लाखांच्या घरात जातो. शस्त्रक्रियेनंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे रोज, ठरल्या वेळी आणि आयुष्यभर घ्यावी लागतात. रक्तातील औषधाचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते, आणि पहिल्या वर्षात हृदयाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तो नाकारला जात नाही ना, हे पुनःपुन्हा पाहावे लागते. औषधे, तपासण्या आणि प्रवास मिळून महिन्याला बारा हजार रुपये धरले, तरी वर्षाला एक लाख ४४ हजार होतात, आणि बारा वर्षांत १७ लाख २८ हजार. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार प्रत्यारोपण झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण बारा वर्षांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे हा हिशेब कल्पनेतला नव्हे, तर यशस्वी रुग्णाच्या वाट्याला हमखास येणारा आहे. रुग्ण जितका अधिक जगेल तितका खर्च वाढेल, आणि पैशाअभावी औषधे चुकली तर ज्या हृदयासाठी गावाने वर्गणी दिली तेच हृदय शरीर नाकारू लागेल.

जालना जिल्ह्याच्या बाबतीत या खर्चात अंतराची भर पडते. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत रुग्णाच्या शरीरात धडधडू लागले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा चमू व यंत्रसामग्री असलेली रुग्णालये मोठ्या शहरांतच आहेत. जून २०१८ मध्ये जालन्याच्या एका चार वर्षांच्या मुलीवर मुंबईतील मुलुंड येथे हृदय प्रत्यारोपण झाले, तेव्हा तिच्यासाठीचे हृदय औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, आणण्यात आले. रस्ते मोकळे ठेवून रुग्णवाहिकेला वाट करून देण्याची जी व्यवस्था ग्रीन कॉरिडॉर म्हणून ओळखली जाते तिच्या आणि विमानाच्या साहाय्याने सव्वातीनशे किलोमीटरचे अंतर सुमारे दीड तासात कापले गेले. डॉक्टर, पोलीस, विमानतळ आणि दात्याचे दुःखात बुडालेले कुटुंब यांनी मिळून साधलेली ही किमया मराठवाड्याने अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे. परंतु तिच्यातला भूगोलही नीट पाहिला पाहिजे. जालना आणि संभाजीनगर यांत जेमतेम साठ किलोमीटरचे अंतर आहे. मराठवाड्यातील दाता आणि मराठवाड्यातीलच रुग्ण, आणि तरी दोघांची गाठ पडण्यासाठी हृदयाला आणि मुलीला मुंबई गाठावी लागली. हृदय केव्हा उपलब्ध होईल हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे रुग्णाला केंद्राच्या जवळपास राहावे लागते. सोबतच्या माणसाचा रोजगार बुडतो, खोलीचे भाडे, अनामत रक्कम, खानावळ आणि गावाकडे उरलेल्या मुलांची सोय हे सारे खर्च सुरू होतात. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात यांपैकी एकही रकाना नसतो.

असा खर्च वाटून घेण्याची रीत या मातीला नवी नाही. पेरणीच्या घाईत ज्याच्याकडे बैल नाहीत त्याचे शेत साऱ्यांनी मिळून नांगरून देणे म्हणजे इर्जिक, आणि एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणे म्हणजे सावड. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवणे आणि समोरच्या घरी कार्य निघाले की तो फेडणे हीदेखील एक प्रकारची परस्पर हमीच असते. बाजारपेठेत व्यवहाराच्या रकमेतून धर्मादायाचा वाटा बाजूला काढण्याची जुनी चाल होती. आज एखाद्या गावात हृदयाचा रुग्ण निघतो, तेव्हा याच परंपरेतून एक वही बाहेर पडते. शाळकरी मुलांच्या दोनशेपानी वहीवर नाव, गाव, रक्कम आणि सही असे चार रकाने आखले जातात. पहिल्या पानावर सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि मुख्याध्यापक यांचे आकडे येतात, कारण पहिला आकडा मोठा असला की पुढचा हात सैल सुटतो. वहीत रुग्णालयाच्या शिक्क्याचा कागद घडी घालून ठेवलेला असतो, त्याला सगळे जण ‘इस्टिमेट’ म्हणतात, आणि दहा-बारा घरे फिरून झाली की त्या कागदाच्या घड्या फाटू लागतात. मजूर पन्नास रुपये लिहितो, दुकानदार हजार लिहितो, आणि दोघेही सही करतात. या वहीत दातृत्व आहे, शेजारधर्म आहे, आणि उद्या ही वेळ आपल्यावरही येऊ शकते ही जाणीव आहे. म्हणूनच या रीतीचा आदर राखून तिच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा विषमतेची आहे. वर्गणी ज्याचा गोतावळा मोठा त्याला मिळते. ज्याचे नातलग पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, ज्याच्या जातीची संघटना बळकट आहे, ज्याचा एखादा वर्गमित्र परदेशात आहे, त्याची वही भरते. भूमिहीन मजुराची, पालावर राहणाऱ्या भटक्या कुटुंबाची किंवा एकट्या पडलेल्या विधवेची वही तिच्यासारख्याच गरिबांच्या दारांवरून फिरून हलकी परत येते. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या संकेतस्थळांवरून अनोळखी लोकांकडून मदत मागण्याची जी पद्धत क्राउडफंडिंग, म्हणजे लोकनिधी, या नावाने रूढ झाली आहे, तिने हा गोतावळा वाढवला हे खरे. त्यातून काही मुलांसाठी कोट्यवधी रुपयेही उभे राहिले. परंतु अमेरिकेतील लॉरेन बर्लिनर आणि नोरा केनवर्दी या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैद्यकीय मदतीची दोनशे आवाहने तपासली, तेव्हा दहापैकी नऊ आवाहने उद्दिष्टापर्यंत पोहोचलीच नव्हती, असे आढळले. या पद्धतीत गोंडस बालकाचा चेहरा, नीट लिहिलेली कहाणी आणि सतत संदेश पाठवू शकणारे सुशिक्षित नातलग यांना अधिक यश लाभते; पंचेचाळीस वर्षांच्या, रापलेल्या चेहऱ्याच्या ऊसतोड कामगाराचे हृदयही तितकेच निकामी झालेले असते, पण त्याचे छायाचित्र पुढे पाठवले जात नाही. जगण्याचा अधिकार कहाणीच्या परिणामकारकतेवर ठरू लागला, तर ती दयेची स्पर्धा होते, आणि त्या स्पर्धेत उतरण्यासाठी रुग्णाला आपली खासगी वेदना चव्हाट्यावर मांडावी लागते.

ही विषमता दूर करण्याचे काम शासनाचेच आहे, आणि त्या दिशेने पावले पडली आहेत हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३च्या निर्णयानुसार तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्यात आली. पाच लाखांत हृदय प्रत्यारोपण होत नाही, हे ओळखून २०२५ मध्ये शासनाने अतिखर्चिक उपचारांसाठी स्वतंत्र राखीव निधीचा निर्णय घेतला आणि त्यात हृदय प्रत्यारोपणासाठी १५ लाखांपर्यंतची तरतूद ठेवली. याखेरीज मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांतून अंशतः मदत मिळते. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते.

मात्र या दारांच्या उंबरठ्यांची उंचीही मोजली पाहिजे. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख ६० हजारांच्या आत असावे लागते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहून महिन्याला १४ हजार कमावणाऱ्या कामगाराचे वार्षिक उत्पन्न एक लाख ६८ हजार होते. आठ हजारांच्या फरकाने तो मदतीच्या कक्षेबाहेर पडतो, आणि त्याच्या समोरचे देयक मात्र वीस लाखांचे असते. खर्च कितीही मोठा असला तरी उत्पन्नाची रेघ तीच राहते, हा या नियमातील मोठा दोष आहे. मर्यादा उत्पन्नाची नव्हे, तर उत्पन्न आणि खर्च यांच्या प्रमाणाची असायला हवी. शिवाय तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, खर्चाचे प्रमाणपत्र आणि प्रत्यारोपणाच्या मान्यतेचा कागद या साऱ्यांची जुळवाजुळव ज्या माणसाला करायची असते, तोच रुग्णाच्या उशाशी बसलेला असतो.

खर्च वाटून घेतला तर तो किती हलका होतो, हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. भारतात अलीकडच्या काळात वर्षाला अडीचशेच्या आसपास हृदय प्रत्यारोपणे होतात. १४० कोटींच्या देशातील हे प्रमाण २०११च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार लोकसंख्येच्या जालना जिल्ह्याला लावले, तर तीन वर्षांत सुमारे एक प्रत्यारोपण जिल्ह्याच्या वाट्याला येते. एका प्रत्यारोपणाचे २५ लाख रुपये चारशे उंबऱ्यांच्या गावाने भरायचे ठरवले, तर प्रत्येक घरावर सव्वासहा हजारांचा बोजा पडतो; तेच जिल्ह्याने भरायचे ठरवले, तर तीन वर्षांत दर माणशी दीड रुपयाही लागत नाही. गरज असूनही प्रत्यारोपणापर्यंत न पोहोचलेले रुग्ण यापेक्षा पुष्कळ अधिक असणार हे मान्य करून हा आकडा दसपट केला, तरी तो वर्षाला पाच रुपयांच्या आत राहतो. जो भार एका गावाला मोडून टाकतो, तो जिल्ह्याला जाणवतही नाही. आरोग्यविमा आणि कर यांच्यामागचे तत्त्व हेच आहे.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि त्याला बगल देणे योग्य नाही. ज्या जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनुष्यबळ कमी पडते, तिथे एका रुग्णावर लाखो रुपये खर्च करण्यापेक्षा तोच पैसा हजारो जणांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर का खर्च करू नये, असा हा आक्षेप आहे. त्यातील प्रतिबंधाचा आग्रह शंभर टक्के रास्त आहे. लहानपणी घशाला झालेल्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झाल्याने संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. वेळेवर निदान झाले तर ठरावीक काळाने दिलेले पेनिसिलिनचे स्वस्त इंजेक्शन ही हानी रोखते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुलांचे हृदय तपासतात, ती तपासणी मनापासून झाली तर जन्मजात दोष वेळीच सापडतात. परंतु प्रतिबंध आणि प्रत्यारोपण यांना एकमेकांचे वैरी ठरवणे चुकीचे आहे. वर दाखवल्याप्रमाणे प्रत्यारोपणाचा वाटून घेतलेला भार इतका अल्प आहे की तो टाळल्याने प्राथमिक केंद्रांची दैना संपणार नाही. आणि प्रसूतीच्या आगेमागे किंवा विषाणुसंसर्गानंतर अचानक कमकुवत झालेल्या हृदयाला कोणत्याही प्रतिबंधाने आधी गाठता येत नाही. सार्वजनिक रुग्णालये हे काम करू शकतात, याचाही पुरावा आहे: केरळात कोट्टायमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने २०१५ मध्ये हृदय प्रत्यारोपण केले, आणि ज्या केईएममध्ये १९६८ साली पहिला प्रयत्न झाला होता, तिथेच जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा हृदय बसवले गेले. संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात ही सोय उभी राहिली, तर जालन्याच्या रुग्णाचा खर्च आणि वनवास दोन्ही कमी होतील.

शासनाने शस्त्रक्रियेचा भार उचलल्यावर वर्गणीची गरज संपते, असे मात्र नाही. उलट तेव्हाच तिला तिची योग्य जागा सापडते. शासकीय योजना शस्त्रक्रियेचे पॅकेज देतात, परंतु भाडे, प्रवास, बुडालेली मजुरी आणि वर्षानुवर्षांची औषधे या गोष्टी त्यात क्वचितच बसतात. जालना तालुक्यातील कडवंची या गावाने पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांच्या बळावर अवर्षणाच्या पट्ट्यात द्राक्षे पिकवली, हे सर्वश्रुत आहे. पाऊस तिथेही शेजारच्या गावांइतकाच पडतो. फरक आहे तो पडलेले पाणी मे महिन्यापर्यंत पुरवण्याच्या शिस्तीत. वर्गणीलाही हीच शिस्त हवी. रुग्णाच्या बातमीने हळहळ दाटते तेव्हा पैशांचा पाऊस पडतो, तो सारा शस्त्रक्रियेच्या दिवशी वाहून जातो आणि दोन वर्षांनी औषधांच्या दुकानात उधारीची वही सुरू होते.

त्यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. शस्त्रक्रियेची रक्कम कुटुंबाच्या हाती न देता थेट रुग्णालयाच्या खात्यात जावी. उरलेली रक्कम रुग्णाचा एक नातलग, गावातील एक शिक्षक आणि ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी यांच्या संयुक्त खात्यात राहावी, आणि तिच्यातून औषधविक्रेत्याचे मासिक देयक भागवले जावे. जमाखर्च दर सहा महिन्यांनी ग्रामसभेत वाचला जावा. आणि दुर्दैवाने रुग्ण दगावला तर शिल्लक कोणत्या रुग्णाकडे वळवायची, हे पैसे घेतानाच लिहून ठेवावे. बनावट आवाहनांमुळे लोकांचा विश्वास उडतो आणि त्याची शिक्षा खऱ्या रुग्णाला भोगावी लागते, म्हणून हिशेब मागणे हा संशय नसून मदतीचाच भाग आहे. जालन्याच्या व्यापारी आणि उद्योजक समाजाला संस्था उभारून दान टिकवण्याची सवय आहे; श्री गणपती नेत्रालय हे त्याचे ठळक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्याच धर्तीवर प्रत्यारोपण झालेल्या आणि दीर्घ औषधांवर असलेल्या रुग्णांसाठी जिल्ह्याचा एक कायम औषधनिधी उभा राहणे अवघड नाही.

पैसा कितीही जमला तरी दाता नसेल तर हृदय मिळत नाही. भारतात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे एकापेक्षाही कमी आहे. म्हणून जे गाव वर्गणी देते त्याच गावाने, आपल्या घरात मेंदूमृत्यूचा प्रसंग आल्यास, संमती देण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. त्या निर्णयाची चर्चा घरात आधी झालेली असावी, कारण अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून ती करणे फार कठीण असते. आणि पैशांपुरते बोलायचे, तर वाचकाला एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी अशी वही दारात येईल, तेव्हा तिच्यात शस्त्रक्रियेच्या पानानंतर औषधांचे पान आहे का ते पाहावे, नसेल तर ते आखायला लावावे, आणि आपला आकडा दोन पानांत विभागून लिहावा, पहिल्या पानावर एकदाचा आणि दुसऱ्या पानावर दर महिन्याचा.